कोबीचे साठ गड्डे

मामांच्या टॅबवर एक फोटो आहे. तो दाखवल्याशिवाय ते उत्तर कोरियाविषयी बोलायला सुरुवातच करत नाहीत. १ मे २०१४, प्योंगयांगमधली मोरानबोंग टेकडी. कामगार दिनाची सुट्टी, झाडांखाली सतरंज्या पसरून कुटुंबंच्या कुटुंबं बसली आहेत, जाळीवर मटण भाजणं चाललंय, कुणीतरी ढोलकं घेऊन आलंय. आणि साठीची एक बाई मामांचं मनगट धरून त्यांना नाचायला ओढतेय. मामांची मान संकोचाने मागे, पाय मात्र पुढे पडलेला.

मामा मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर बीजिंगमार्गे चार दिवसांची सहल करून आले. मी पुण्याजवळच्या एका कोरियन कारखान्यात दुभाषी आहे. त्याआधी सोलमध्ये शिकत होते, आणि दर शनिवारी उत्तरेकडून पळून आलेल्या लोकांना इंग्रजी शिकवायला जायचे. तिथल्या एका बाईंशी घरोबा झाला. मी त्यांना 'ओन्नी' म्हणायचे, म्हणजे ताई. नाव सांगणं बरोबर नाही, त्यांची आई अजून तिकडे आहे. इथेही ताईच म्हणते.

उत्तर कोरियावरून मामांचा आणि माझा वाद बऱ्याच वर्षांचा. यंदा कोल्हापूरला गेले तेव्हा पुण्याहून टोफू घेऊन गेले होते, ताईंनी शिकवलेला 'तुबूबाप' मामींना करून दाखवायला. मी टोफू निथळत ठेवतेय तोवर मामा स्टूल ओढून ओट्याशी येऊन बसले आणि त्यांनी टॅब उघडला.

"ही बाई नाटक करतेय असं वाटतं तुला?"

"नाही. बाई खरी, नाच खरा, मटणही खरं."

"मग मी काय वेगळं म्हणतोय? तुमच्या बातम्यांत तो देश दोनदाच दिसतो. एकदा क्षेपणास्त्र उडालं की, आणि एकदा चौकात कवायत झाली की. अगं, अडीच कोटी माणसं राहतात तिथे. मेट्रोच्या फलाटावर वर्तमानपत्र चौकटीत लावून ठेवलेलं होतं, ते माणसं उभ्याउभ्या वाचत होती. एक पोर आईच्या खांद्यावर झोपून लाळ गाळत होतं. एक सैनिक कांद्याच्या पातीची जुडी घेऊन चालला होता. त्याला बायकोने सांगितलेली असणार, नाहीतर आईने. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पाहिलं."

"किती स्टेशनं पाहिलीत?"

"दोन."

"बरोबर कोण होतं?"

"दोन गाइड. दोघांपैकी एक कायम जवळ. आल्याआल्या पासपोर्ट त्यांच्याकडे द्यायचा. मानसुदे टेकडीवर नेत्यांच्या पुतळ्यांपुढे फुलं ठेवून वाकायचं, फोटो काढायचा तर पुतळा डोक्यापासून पायापर्यंत आला पाहिजे. हे मी तुझ्यापासून कधी लपवलं का? पण जहाजावरच्या माणसाला कुठल्याही देशाचा धक्काच दिसतो बाळ. धक्काही त्या देशातच असतो की."

मामांचं हे म्हणणं मला कधी पुरतं खोडता आलेलं नाही. मी प्रयत्न केला, कारण प्योंगयांग हा साधा धक्का नव्हे. तिथे राहायलाच परवानगी लागते आणि ती सगळ्यांना मिळत नाही. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जायलाही परवाना लागतो. आणि कुणाला काय मिळणार, हे पुष्कळसं 'सोंगबुन'वर ठरतं. जपानी राजवटीत आणि पुढे कोरियन युद्धात तुमचा आजा-पणजा कोणत्या बाजूला होता त्यावरून घराण्याची नोंद झाली. निष्ठावंत, डळमळीत आणि वैरी असे तीन मोठे वर्ग, त्यांच्या पोटात पन्नासच्या आसपास प्रकार. शाळा, नोकरी, लग्न, राहायची जागा, सगळ्याला ती नोंद आडवी येते.

"म्हणजे जातच की," मामा म्हणाले.

"जवळपास. पण आपली जात आपल्याला माहीत असते. ती नोंद फायलीत असते. ताईंना शाळेत गणितात पहिला नंबर असून वरच्या शिक्षणाला पाठवलं नाही, तेव्हा कळलं की आजोबांची जमीन होती. तोवर घरात कुणी बोललंच नव्हतं."

मामींनी टोफू कापायला घेतला. जाड, त्रिकोणी तुकडे. मी म्हटलं, पाणी पूर्ण निथळलं पाहिजे, नाहीतर तेल अंगावर उडेल.

मामा थोडा वेळ गप्प बसले, मग त्यांनी आपला हुकमी मुद्दा काढला. मामांचं लहानपण शाहूपुरीतलं. जनरल शंकरराव थोरात कोल्हापूरच्या भागातले, त्यांच्या गोष्टी ऐकतच मामांची पिढी वाढली. १९५३ मध्ये कोरियात युद्धबंदी झाल्यावर मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांवर कैदी भारताच्या ताब्यात दिले गेले. या कैद्यांसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख थोरात. दोन्ही सैन्यांच्या मधल्या निर्लष्करी पट्ट्यात आपल्या जवानांनी छावणी उभारली, तिचं नाव हिंद नगर.

"शेवटी ८८ जणांनी सांगितलं की आम्हाला उत्तर नको, दक्षिण नको, चीन नको, तैवानही नको. ते आपल्या फौजेबरोबर भारतात आले. त्या वयात मला तो आकडा पाठ झाला होता. म्हणून मी तिकडे गेलो, समजलं? मला कुणाच्या चष्म्यातून बघायचं नव्हतं. आणि त्या देशावर काय पडलं होतं ते कुणी सांगत नाही. अमेरिकेने कोरियात सहा लाख टनांवर बॉम्ब टाकले. दुसऱ्या महायुद्धात अख्ख्या पॅसिफिकमध्ये टाकले नव्हते इतके. प्योंगयांगमध्ये धड भिंत उरली नव्हती. ज्याचं घर असं जळलं, तो दार लावून बसला तर त्याला वेडा म्हणायचं का?"

"वेडा नाही म्हणत मी. ताईंची आजी विमानाचा आवाज आला की पोरांना घेऊन अजून खाली वाकायची, असं त्या सांगतात. ती भीती खरी होती. पण मामा, दार लावलं ते आजीने नाही. आणि कडी बाहेरून आहे."

"हां," मामा म्हणाले. फक्त तेवढंच. पण फोटो त्यांनी झाकला नाही.

मग मी त्यांना ताईंच्या घरातलं सांगितलं. तुमेन नदीकाठचं गाव, नदीपलीकडे चीन. दोन खोल्यांचं घर. भिंतीवर नेत्यांच्या तसबिरी, किंचित पुढे झुकवून लावलेल्या. त्या भिंतीवर दुसरं काहीही लावायचं नाही. तसबिरी पुसायचं फडकं वेगळं, ते वेगळ्या डबीत. त्या फडक्याने दुसरं काही पुसायचं नाही. धूळ सापडली तर तपासणीत नाव जातं. हे काम ताईंकडे होतं, सातव्या वर्षापासून. आणि स्वयंपाकघरात तारेने जोडलेला रेडिओचा कर्णा. आवाज कमी करता येतो. सकाळी त्यावर गाणी लागली की ताईंची आई भाताचं पाणी ठेवायची. सोलला आल्यावर कित्येक महिने ताईंना पहाटे जाग यायची आणि घर इतकं शांत का, तेच कळायचं नाही.

वीस ते चाळीस घरांचा मिळून एक 'इनमिनबान'. त्याची प्रमुख बहुधा एखादी मध्यमवयीन बाई. कुणाकडे पाहुणा मुक्कामाला आला, कुणी नवी सायकल घेतली, कोण दोन दिवस दिसलं नाही, हे तिला ठाऊक असायला हवं आणि तिने ते वर कळवायला हवं. रात्री-अपरात्री झडती घेणाऱ्यांना घरोघरी नेते तीच.

"आमच्या गल्लीतल्या बायकांना यापेक्षा जास्त माहिती असते," मामी म्हणाल्या.

"माहिती असते मामी. पण त्यांना ती कुठे नेऊन द्यावी लागत नाही."

खरं तर या प्रमुखबाईवरूनच माझा पहिला मोठा गोंधळ झाला होता. ताई तिच्याविषयी सांगायला लागल्या तेव्हा मी मनात तिला खलनायिका करून मोकळी झाले होते. तर ताई म्हणाल्या, झडतीच्या आदल्या संध्याकाळी ती दारावरून जाताना मोठ्याने बोलायची, 'उद्या हवा थंड आहे, लवकर झोपा गं.' ज्याला कळायचं त्याला कळायचं. नव्वदच्या दशकातल्या दुष्काळात ताईंचे वडील गेले तेव्हा तिरडीची लाकडं तिनेच मिळवून दिली. आणि त्याच बाईने पुढे समोरच्या घरातल्या मुलाचं नाव दिलं, तो मुलगा परत आला नाही. मी विचारलं, मग ती चांगली की वाईट? ताईंना तो प्रश्नच कळला नाही. त्या म्हणाल्या, तिला दोन मुलगे होते.

मामा म्हणाले, "हेच मी सांगतोय तुला इतकी वर्षं. माणूस असतो तिथे."

"असतो. पण त्या माणसाला काय काय करायला लावतात, ते तुम्ही सोडून देता. शनिवारचं ऐका."

आठवड्याची टीकासभा. १९७४ मध्ये नेत्याविषयीच्या निष्ठेची दहा तत्त्वं आली, तेव्हापासून ती सगळ्यांच्या मानगुटीवर आहे. शाळेत, कारखान्यात, बायकांच्या संघटनेत. प्रत्येकाने वही घेऊन उभं राहायचं, नेत्याचं एक वचन वाचायचं, या आठवड्यात आपण कुठे चुकलो ते सांगायचं, आणि मग दुसऱ्या कुणाची तरी एक चूक काढायची. काढलीच पाहिजे. ताई आणि त्यांची वर्गमैत्रीण शुक्रवारी शाळेतून येताना ठरवायच्या: या वेळी तू माझी काढ, मी झाडलोटीला उशिरा आले म्हण. पुढच्या वेळी मी तुझी काढते. असं ठरवून करणारे घरोघर आहेत, तिकडून आलेल्या अनेकांनी हे सांगितलं आहे.

मामा खुशीत आले. मांडीवर थाप मारली. "बघ! पोरी हुशार!"

"हुशार होत्या. पण मी शिकवायचे तो वर्ग शनिवारी असायचा मामा. पहिले दोन महिने ताई मागच्या बाकावर, दाराजवळ बसायच्या. मी 'आता तुम्ही उभं राहून एक वाक्य बोला' म्हटलं की त्यांचा घसा कोरडा पडायचा. मला वाटायचं, इंग्रजीची भीती."

तेल तापलं होतं. टोफूचे त्रिकोण दोन्ही बाजूंनी बदामी होईस्तोवर तळायचे. गार झाले की एका कडेला सुरीने चीर द्यायची, आत खिसा तयार होतो. त्या खिशात भात दाबून भरायचा आणि वरून लाल मिरचीची पूड, लसूण आणि सोया सॉस परतून केलेलं तिखट चमच्याने लावायचं. झाला तुबूबाप. मामींनी एक हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हे तर पोट भरायचं काम आहे," त्या म्हणाल्या. "प्रवासाचं, नाहीतर कामावर न्यायचं."

मामींनी एका नजरेत ओळखलं. हा बाजारातला पदार्थ आहे, रेल्वे स्टेशनाबाहेर टोपलीत घेऊन विकायचा, आणि तो लोकांच्या हातात आला तो भुकेच्या काळात.

रशियाची मदत १९९१ नंतर आटली, १९९५ मध्ये प्रचंड पूर आले, आणि सरकारी रेशन, ज्यावर सगळा देश जेवत होता, ते बंद पडलं. किती माणसं मेली याचे अंदाज काही लाखांपासून वीस-तीस लाखांपर्यंत आहेत. जे नियमाने रेशनच्या रांगेत थांबले, ते आधी गेले. ताईंचे वडील शिक्षक होते, ते थांबले. आई थांबली नाही. तिने लग्नातलं कापड विकून सोयाबीन आणलं. तेल काढून उरलेल्या सोयाबीनच्या पेंडीचे पातळ पट्टे करतात, त्यात भात गुंडाळतात, त्याला 'इन्जोगोगी' म्हणतात, म्हणजे माणसाने केलेलं मटण. भाजलेल्या मक्याचं पीठ नुसत्या पाण्यात मळून करतात ती 'सोकदोजन तोक', वेगाच्या लढाईचा लाडू म्हणा. चूल पेटवायलाही लाकूड नव्हतं, म्हणून. असे बाजार गावोगाव उभे राहिले. पोलीस आला की टोपली उचलून पळायचं, तो गेला की पुन्हा बसायचं. त्याला लोक टोळबाजार म्हणत. २००३ मध्ये सरकारला ते मान्य करावे लागले.

"आणि बायकाच का?" मामींनी विचारलं.

"कारण पुरुषाला सरकारी कामावर हजेरी लावावीच लागते. कारखाना बंद असो, पगारात किलोभर तांदूळही येत नसो. लग्न झालेल्या बाईला ती सक्ती नव्हती. तिला मोकळीक मिळाली ती चुकून, आणि त्या चुकीवर घरं जगली. काही पुरुष उलटे कारखान्यालाच पैसे भरून सुट्टी घेतात आणि बायकोबरोबर माल वाहतात. दक्षिणेत पोचलेल्या चौतीस हजार लोकांत दहात सात बायका आहेत, त्याचं एक कारण हेच."

मामांनी इथे मला बरोबर पकडलं. "ते चौतीस हजार कुठले? सगळ्या देशातले?"

"नाही," मी कबूल केलं. "बहुतेक उत्तर हामग्योंग आणि रयांगांगचे, चीनच्या सीमेवरच्या प्रांतांतले. गरीब, नेहमीच संशयाखाली असलेले भाग."

"म्हणजे मी राजधानीचे दोन रस्ते पाहिले, आणि तू सीमेवरची माणसं ऐकलीस. मधला सगळा देश?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताईही हेच म्हणायच्या, की वर्गातल्या मुली मला विचारतात, तुमच्याकडे असं असतं का, तसं असतं का, आणि मला माझा घाट नि माझी नदी सोडून काही माहीत नाही. प्योंगयांग ताईंनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मामांचा टेकडीवरचा फोटो मी त्यांना एकदा दाखवला होता. त्या खूप वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, मटण बघतायत. त्या म्हणाल्या, ही बाई ताल चुकवत नाहीये, छान नाचते. मग म्हणाल्या, आमच्याकडेही नाचायचे, नदीवर. मी कीव आल्यासारखं काहीतरी बोलले असेन, कारण त्या एकदम चिडल्या. "तुला वाटतं आम्ही नुसते मरायचोच?" असं म्हणाल्या आणि त्या दिवशी पुढे बोलल्या नाहीत.

हे मी मामांना आजवर सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर त्यांनी ते जिंकल्यासारखं घेतलं नाही, याचं मला बरं वाटलं.

मग मी ताईंच्या निघण्याचं सांगितलं. ३० नोव्हेंबर २००९ ला उत्तरेत नोटा बदलल्या. जुन्या शंभर वॉनला नवा एक, आणि बदलून द्यायची मर्यादा सुरुवातीला घरटी एक लाख जुने वॉन. बाजारातल्या बायकांनी टोपल्या वाहून जमवलेलं सगळं कागद झालं. मामा म्हणाले, नोटाबंदी आपणही पाहिली. पाहिली, पण आपण रांगेत उभं राहून मोठ्याने सरकारला बोल लावत होतो. ताईंची आई घरी आली, दार लावलं, तोंडात पदर कोंबावा तसा टॉवेल कोंबला आणि मग रडली. त्या हिवाळ्यात ताईंनी नदी ओलांडायचं ठरवलं.

मामी एव्हाना दुसरा घाणा तळत होत्या आणि त्यांचा मोबाइल डब्याला टेकवून उभा होता. दुपारची कोरियन मालिका, हिंदीत. मी म्हटलं, मामी, हे बघितल्याबद्दल तिकडे पाच ते पंधरा वर्षं सक्तमजुरी आहे. २०२० च्या डिसेंबरचा कायदा. वाटणाऱ्याला जन्मठेप किंवा मृत्युदंड. तरी लोक बघतात, चीनहून आलेल्या छोट्या प्लेयरवर, पेनड्राइव्ह लावून. झडतीवाले आधी इमारतीची वीज तोडत, म्हणजे डिस्क आत अडकून राहते. म्हणून लोक पेनड्राइव्हवर आले, तो पटकन काढून लपवता येतो.

मामींचा झारा थांबला. "ही? हिच्यात तर नुसतं लग्न जमत नाहीये."

"आणि २०२३ मध्ये बोलण्याचाच कायदा झाला. दक्षिणेकडच्या मुली मालिकांत प्रियकराला, नवऱ्याला 'ओप्पा' म्हणतात, म्हणजे दादा. ते ऐकून उत्तरेतल्या मुली म्हणायला लागल्या. कायदा सांगतो, लहान मुलांनी म्हणावं, युवक संघटनेत गेल्यावर 'कॉम्रेड' म्हणायचं. दक्षिणेच्या ढबीत बोललं तर सहा वर्षांवर शिक्षा."

मामांनी स्टूल मागे सारलं. भाषेचं मी बोलते तेव्हा ते मला मधे तोडत नाहीत, माझं पोट त्यावर चालतं. मी रोज दोन माणसांच्या मधे उभी राहून एकाचा शब्द दुसऱ्यापर्यंत नेते. कुणी पोरगी आवडत्या मुलाला हळूच एक शब्द म्हणते आणि तो शब्द ऐकायला तिसऱ्या माणसाची नेमणूक झालेली असते, याचा विचार आला की मला काही सुचत नाही. यावर मामांशी वाद घालायची माझी तयारी नाही, आणि त्यांनी तो कधी घातलाही नाही.

त्यांनी ताट पुढे ओढलं, तुबूबाप खाल्ला. तिखट कमी आहे म्हणाले. कोल्हापूरकर.

"आई बोलते का तिची?" त्यांनी विचारलं.

बोलायची. सीमेलगतच्या डोंगरावर चिनी मोबाइलला रेंज मिळते. दलाल आईला तिथवर घेऊन जायचा, ताई पाठवायच्या त्या पैशातला साधारण तिसरा हिस्सा मधल्यांचा. चार मिनिटं, पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही, फोनचा माग काढणारी यंत्रं फिरत असतात. एका नोव्हेंबरात असा फोन आला तेव्हा मी ताईंच्या खोलीवर होते. नोव्हेंबर म्हणजे किमजांग, हिवाळ्यासाठी किमची घालायचे दिवस. उत्तरेत किमचीला अर्ध्या वर्षाचं धान्य म्हणतात. अख्खा इनमिनबान एकमेकांकडे जाऊन कोबी खारवतो, मडकी जमिनीत पुरतो, आपल्याकडे उन्हाळ्यात आळीपाळीने पापड लाटायला जमतात तसं. युनेस्कोच्या यादीत दक्षिणेची किमची २०१३ ला गेली, उत्तरेची २०१५ ला.

आई डोंगर चढून आली होती, तिला दम लागला होता. ताईंना वाटलं ती पैशाचं विचारेल, प्रकृतीचं सांगेल. तिने पहिलं विचारलं, "किमची घातलीस का? किती गड्डे?"

"साठ," ताई म्हणाल्या.

"एवढे? एकटीला?"

"शेजारणी आल्या होत्या मदतीला."

"बरं केलंस. मीठ कमी पडू देऊ नकोस," आई म्हणाली, आणि मग दलालाने फोन काढून घेतला.

मामांनी विचारलं, "आणि खरे किती?"

"एकही नाही. फ्रिजमध्ये दुकानातलं अर्ध्या किलोचं पाकीट होतं. शेजारी कोण राहतं तेही त्यांना माहीत नव्हतं."

२०२० च्या जानेवारीत साथीमुळे सीमा बंद झाली. ऑगस्टमध्ये सीमेच्या पट्ट्यात दिसेल त्याला गोळी घालायचा हुकूम निघाला, कुंपणं दुहेरी झाली. तेव्हापासून ताईंना आईचा फोन आलेला नाही. त्या दर नोव्हेंबरात कोबी आणतात. पहिल्या वर्षी चार गड्डे, मग दहा. गेल्या वर्षी मजल्यावरच्या दोन बायकांना बोलावलं, असं त्यांनी मला कळवलं, फोटोही पाठवला.

मामांनी तो फोटो मागितला. टॅबवर घेऊन त्यांनी बराच वेळ बोटांनी मोठा करून पाहिला. लाल झालेले हातमोजे, तीन बायकांची पाठ, निळा टब.

"किती आहेत हे?" ते म्हणाले, आणि मोजायला लागले.